मोमोलोकाकाची सरळ वाट

मोमोलोकाकानं चाळीस वर्षं प्रवास केला आणि गेला एकूण साठ मीटर. व्हेनिसच्या मोठ्या कालव्याच्या या काठावरची माणसं त्या काठावर सोडायची आणि त्या काठावरची या काठावर आणायची, एवढंच त्याचं काम. नावेच्या मागच्या टोकाला वल्हं घेऊन तो, मधे उभी माणसं, कुणाच्या हातात भाजीची पिशवी, कुणाच्या कुत्रं. निवृत्त झाला तेव्हा नावाड्यांच्या मंडळानं त्याला घड्याळ दिलं. आभाराच्या भाषणात काका म्हणाला, "मी एकदाही उशिरा पोचलो नाही." खरं आहे. साठ मीटरमध्ये उशीर होऊन होऊन होणार किती.

गेल्या ऑक्टोबरात तो गुडघ्यांना चिखल लावून घ्यायला आबानोच्या गरम झऱ्यांवर गेला. बारा दिवसांचे उपचार, सरकारी चिठ्ठीवर. शेजारच्या टबात एक बाई होत्या, गळ्यापर्यंत चिखलात. काका सांगतो, बारा दिवस त्याला त्यांचं नाक आणि आवाज एवढंच माहीत होतं. तेराव्या दिवशी, निघायच्या आधी, जेवणघरात एक नीटनेटकी बाई समोर येऊन बसली आणि म्हणाली, "जरा मीठ द्या." आवाज ओळखून काका इतका गडबडला की मीठ द्यायचं राहिलं. ते जेवण योलांदाबाईंनी अळणीच केलं.

योलांदा ब्रागाल्या फेराराच्या. त्यांचं गाव पोळपाटासारखं सपाट, रस्ते फूटपट्टीनं आखलेले, आणि माणसं सायकलवरून उतरतात ती फक्त झोपायला. त्यांनी बत्तीस वर्षं भूमापन खात्यात मोजणीची कामं केली. कुणाची हद्द कुठे संपते आणि शेजाऱ्याची कुठे सुरू होते, हे त्या सांगायच्या आणि मग दोघंही त्यांच्याशी बोलणं बंद करायचे. नवरा वारलेला. तो दर बुधवारी संध्याकाळी गायनाच्या तालमीला जायचा. अकरा वर्षं गेला. त्याच्या अंत्यविधीला त्याच्या गायकमंडळानं एखादं भजन म्हणावं म्हणून योलांदाबाई चौकशीला गेल्या, तेव्हा पाद्रीबुवांनी हळूच सांगितलं की गावात गायकमंडळ नाही. कधीच नव्हतं.

हे सगळं त्यांनी काकाला चिखलात पडल्या पडल्या सांगितलं होतं. आणि शेवटी म्हणाल्या होत्या, "मला आता देखणा नको, पैसेवाला नको, हुशार तर मुळीच नको. सरळ माणूस हवा."

काकानं चिखलातून एक हात वर काढला. "मी चाळीस वर्षं सरळच गेलोय," तो म्हणाला.

मग हिवाळाभर फोन झाले. एप्रिलात योलांदाबाईंचा निरोप आला: रविवारी येते. गाव दाखवा, चित्रं दाखवा, जेवू घाला. संध्याकाळी पाच पस्तीसच्या गाडीनं परत जाईन. तुमच्याकडे राहायला यायचं की नाही, ते गाडीत बसायच्या आधी सांगेन.

काकानं निरोप मला तीनदा वाचून दाखवला. मी त्याच्याच घरात वाढलो, वरच्या मजल्यावर राहतो, आणि नावाड्यांच्या मंडळाचं जे जुनं चित्रदालन आहे तिथं खुर्चीवर बसतो. लोक चित्रांना हात लावत नाहीत ना हे बघणं माझं काम. फारसे लोकच येत नाहीत, त्यामुळे मी ते उत्तम करतो.

"झोर्झी, तू बरोबर राहायचंस," काका म्हणाला. "चित्रांचं तू बोल. खाण्याचं डेल्फीना बोलेल."

"आणि तू काय बोलणार?"

"मी रस्ता दाखवीन."

धोका नेमका इथंच होता, पण त्या वेळी मी काकाच्या टायची गाठ सोडवत होतो. त्यानं ती नावेला मारतात तशी मारली होती.

*

योलांदाबाई गाडीतून उतरल्या त्या करड्या कोटात, पायांत चालायचे बूट, गळ्यात होकायंत्र. लोक चष्मा अडकवतात तसं. हातात कागदात बांधलेला पाव. फेराराचा पाव म्हणजे चार शिंगांचा पिळा असतो. काकानं तो उलटसुलट करून पाहिला.

"तुमच्याकडे रस्ते इतके सरळ," तो म्हणाला, "मग पावाला काय झालं?"

"सगळा वाकडेपणा आम्ही पावात घालतो," बाई म्हणाल्या. "म्हणजे बाकी कुठे उरत नाही. आता तुमचं दालन कुठे आहे?"

"हे काय, इथंच. सरळ."

इथं मला थोडं सांगायला हवं. आमच्या गावात सरळ रस्ता नाही. एक होता, त्याच्या टोकाला चर्च बांधलं. पण रस्ता विचारा, म्हातारी असो, पोलीस असो, कालव्यात पडलेला माणूस असो, आमच्याकडे उत्तर एकच: सरळ. त्याचा रेषेशी काही संबंध नाही. त्याचा अर्थ एवढाच की घाबरू नका, चालत राहा, मधे दुसऱ्या कुणाला विचारू नका, पोचाल. आम्ही आईच्या पोटातून हेच शिकून येतो. भिंत आली तर वळायचं, हे काय सांगायचं असतं?

योलांदाबाई मात्र फूटपट्टीनं आखलेल्या गावात वाढलेल्या. त्यांनी कोटाच्या खिशातून वही काढली आणि चालायला लागल्या.

चाळीस मिनिटांनी आम्ही दालनाच्या दाराशी उभे होतो. बाईंनी वही मिटली.

"सव्वीस वळणं," त्या म्हणाल्या. "अकरा पूल. आणि एका ठिकाणी तुम्ही सरळ म्हणालात तेव्हा समोर पाणी होतं."

"भरती असेल," काका म्हणाला.

"तिथं पायऱ्या होत्या. शेवाळलेल्या. शंभर वर्षं जुन्या."

"मग जुनी भरती असेल."

मी काकाचा कोट मागून ओढला. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मी मान वाकडी करून पाहिलं तर लिहिलं होतं: "सरळ" – शब्द संशयास्पद.

*

आमच्या दालनात चौदा चित्रं आहेत. त्यातलं एक बघण्यासारखं आहे आणि ते सगळ्यात अंधारात आहे. जोसेफ, मेरी आणि गाढव, तिघं इजिप्तला निघालेत. गाढवाच्या पाठीवर बाळ. वाटेत एक नदी लागलीये, आणि काठावर एक नावाडी उभा आहे. जोसेफ त्याला रस्ता विचारतोय. नावाड्यानं हात लांब करून दाखवलाय. चित्रकार कोण, ते पाटीवर होतं, पण पाटी ओलाव्यानं गेली. मंडळातले म्हातारे सांगतात की हा नावाडी आमचाच, कारण त्याच्या चेहऱ्यावर घाई नाही.

मी घसा खाकरून भाषण सुरू केलं. रंग, प्रकाश, गाढवाच्या डोळ्यांतली करुणा. बाई ऐकत नव्हत्या. त्या चित्राच्या जवळ गेल्या, मागे आल्या, पुन्हा जवळ गेल्या.

"हात लावू नका," मी म्हणालो. तीन महिन्यांत मला हे म्हणायला पहिल्यांदाच मिळत होतं.

"लावत नाही. गाढवाची सावली बघतेय. ऊन मागून येतंय, सावल्या लांब आहेत, म्हणजे सकाळ आहे असं धरू. मग हा माणूस उत्तर दिशा दाखवतोय."

"बरं मग?"

"इजिप्त दक्षिणेला आहे."

आम्ही तिघंही चित्राकडे पाहत राहिलो. मी त्या चित्रासमोर दोन वर्षं बसलोय. गाढवाच्या डोळ्यांतली करुणा मला पहिल्यांदाच नीट समजली.

"पण पोचले ना ते," काका म्हणाला. "बायबलात आहे. पोचले."

"नावाड्यामुळे नाही पोचले."

"त्यानं 'सरळ' म्हटलं असणार. ते सरळ गेले असणार. पोचले." काकाला यात कुठे फट दिसत नव्हती. "तो नसता तर नदीकाठीच बसले असते."

योलांदाबाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. हसल्या असाव्यात. मोजणी खात्यातली माणसं हसतात तेव्हा ओठांची हद्द सोडत नाहीत.

"चला," त्या म्हणाल्या. "भूक लागली."

"आधी एक सावली घेऊ या," काका म्हणाला.

बाईंनी वर पाहिलं. आभाळ सकाळपासून भरलेलं होतं. "ऊन कुठाय?"

"सावली म्हणजे वाइन, बाई," मी म्हणालो. "छोटा पेला. आमच्याकडे तिला सावलीच म्हणतात."

त्यांनी वही काढली, पण या वेळी लिहिलं नाही. परत ठेवून दिली.

*

डेल्फीनाचा गुत्ता दालनापासून दोन गल्ल्यांवर. खुर्च्या नाहीत. उभ्यानं खायचं, उभ्यानं प्यायचं, आणि डेल्फीनाचं ऐकायचं. काका तिथं तीस वर्षं रोज संध्याकाळी जातो. डेल्फीनाला हे सगळं प्रकरण माहीत होतं, म्हणजे पर्यायानं सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं.

"ह्याच का चिखलातल्या?" तिनं काकाला विचारलं, बाईंच्या समोरच.

"ह्याच," बाई म्हणाल्या. "धुऊन घेतलंय."

डेल्फीनाला त्या तिथल्या तिथं आवडल्या. तिनं काचेखालून एकेक ताटली काढायला सुरुवात केली. पावाच्या चकत्यांवर फेटलेला कॉड मासा, लोण्यासारखा. माकुलांचं, त्यांच्याच शाईतलं काळं कालवण. आणि कांदा, व्हिनेगर, मनुका यांच्यात मुरवलेली तारली.

बाईंनी तारली चाखली आणि थांबल्या. "गोड आहे. मासा आणि गोड?"

"दोन दिवस मुरलाय," डेल्फीना म्हणाली. "मुरला की गोड होतो. हा मोमोलो सहासष्ट वर्षं मुरतोय, पण याचं काही होत नाही."

"तुमच्याकडे भोपळ्याचं गोड सारण भरतात पिठाच्या पारीत," काका बाईंना म्हणाला, "आणि वर मटणाचा रस्सा ओततात. मी आबानोत खाल्लंय. मी काही बोललो का?"

"तुम्ही तीन वेळा घेतलंत."

"तेच म्हणतोय. बोललो नाही, घेतलं."

बाईंनी दुसरी तारली घेतली. मग तिसरी. मी काकाकडे पाहून डोळे मिचकावले. जमत होतं. दुपारचे दोन वाजले होते, तीन सावल्या झाल्या होत्या, आणि योलांदाबाईंनी होकायंत्र काढून पिशवीत ठेवलं होतं. कॉड मासा किती वेळ फेटायचा, हे त्या डेल्फीनाला विचारत होत्या. डेल्फीनाही सांगत होती, आणि ती तर हे आपल्या बहिणीलाही सांगत नाही.

इथंच थांबायला हवं होतं. पण काकाला आत्मविश्वास आला.

"चला, तुम्हाला समुद्राकडचा धक्का दाखवतो," तो म्हणाला. "इथून पाच मिनिटं."

"कुठून?" बाईंनी विचारलं.

"सरळ."

आम्ही निघालो. त्या दिवशी का कोण जाणे, पण काकाला बाईंशी बोलायचं होतं. आणि चालताना बोलायची त्याला सवय नाही. वल्हं मारताना तो बोलायचा, पण तेव्हा वळायचं नसायचं. पंचवीस मिनिटांनी आम्ही एका पुलावर उभे होतो. पुलाच्या कठड्यावर एक मांजर बसलं होतं, तांबूस, एक कान फाटलेला.

"हे मांजर आपण मघाशी पाहिलं," बाई म्हणाल्या.

"इथं अशी पुष्कळ आहेत," काका म्हणाला.

"फाटक्या कानाची?"

"समुद्राची हवा. कानांना मानवत नाही."

योलांदाबाईंनी पिशवीतून होकायंत्र काढून पुन्हा गळ्यात घातलं. मला ते पाहून फार वाईट वाटलं, कारण बायका अंगठी काढतात किंवा घालतात तेव्हा जसं कळतं, तसं कळलं.

"मोमोलो," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "माझा नवरा अकरा वर्षं दर बुधवारी बाहेर पडायचा. कुठे चाललास विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं. तुमचंही उत्तर ठरलेलं आहे. कुठे आहोत हे तुम्हाला माहीत नव्हतं, तर माहीत नाही म्हणायचं होतं."

काकानं मांजराकडे पाहिलं. मांजरानं दुसरीकडे पाहिलं.

*

आम्ही परत डेल्फीनाकडे आलो, कारण तिथं यायला काकाला विचार करावा लागत नाही. चार वाजून गेले होते. बाईंनी कोटाची बटणं लावली आणि काउंटरवर वही ठेवली.

"आता मी स्टेशनवर जाते," त्या म्हणाल्या. "एकटी. तुम्ही फक्त रस्ता सांगा. सरळ हा शब्द न वापरता. प्रत्येक वळण, प्रत्येक पूल. तेवढं एक मला खरं सांगितलंत आणि मी गाडीपाशी पोचले, तर पुढच्या रविवारी परत येते, आणि मग पुढचं बोलू. नाहीतर हा एवढाच रविवार."

गुत्त्यात आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं होती. त्यांनी पेले खाली ठेवले.

काकाला घाम फुटला. "मी सोडायला येतो ना," तो म्हणाला.

"नको. मागून आलात तरी मला कळेल. मोजणीत पुढे बघायच्या आधी मागे बघतात. बत्तीस वर्षं तेच केलंय."

"मी सांगू का रस्ता?" मी म्हणालो.

"तू खुर्चीवर बसणारा," बाई म्हणाल्या. "चित्रांचं बघ."

काकानं डोळे मिटले. त्याला रस्ता तोंडानं कधी सांगता आला नव्हता, म्हणून तो जागच्या जागी चालायला लागला. काउंटर आणि वाइनच्या पिंपाच्या मधे, टायसकट, डोळे मिटून, एक सहासष्ट वर्षांचा माणूस पावलं टाकत होता. गुडघ्यांचा आवाज येत होता.

"दारातून बाहेर. मग डावीकडे," तो म्हणाला आणि उजवीकडे वळला.

बाईंची पेन्सिल थांबली. "तुम्ही डावीकडे म्हणालात आणि वळलात उजवीकडे. काय लिहू?"

काकानं डोळे उघडले. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. नावेत भोक पडल्यावर माणसं शांत उभी राहतात, तसं काहीतरी.

"अंगाचं लिहा," डेल्फीना काउंटरमागून म्हणाली. "जिभेचं सोडा. ती याच्या हाताखाली नाही."

बाईंनी मान हलवली. काकानं पुन्हा डोळे मिटले. या वेळी तोंड बंद ठेवलं. चालला, वळला, पुलाच्या पायऱ्यांना गुडघे उचलले, उतरताना "हं" केलं, परत वळला. एका ठिकाणी त्यानं मान खाली घातली. "कमान," तो पुटपुटला. बाई लिहीत होत्या. चौदा वळणं, चार पूल, एक कमान. मग काका थांबला आणि त्यानं खिशात हात घातला, काहीतरी शोधल्यासारखा.

"झालं," तो म्हणाला. "पोचलो."

बाईंनी वही खिशात घातली, डेल्फीनाला मिठी मारली, माझ्या गालावर थोपटलं, काकाशी हस्तांदोलन केलं आणि गेल्या.

आम्ही उभे राहिलो. मग डेल्फीनानं फडक्यानं काउंटर पुसत पुसत विचारलं, "मोमोलो, शेवटी खिशात काय शोधत होतास?"

"किल्ली," काका म्हणाला.

डेल्फीनाचं फडकं थांबलं. स्टेशनला किल्ली लागत नाही.

मी मनातल्या मनात चौदा वळणं चाललो. उजवीकडे, पूल, उजवीकडे, भाजीवाल्याचा कोपरा, ती बुटकी कमान जिथं सगळे डोकं आपटतात. चौदाव्या वळणाला आमचं अंगण होतं. मधोमध जुन्या विहिरीचं दगडी तोंड, समोर आमचं दार. तीस वर्षं डेल्फीनाकडून निघालेले त्याचे पाय दुसरीकडे कुठे गेलेच नव्हते. त्यांना सांगितलं, चला, ते निघाले. घरी गेले.

"काका, तू त्यांना आपल्या घरी पाठवलंस."

काका खाली पायांकडे बघत राहिला. "मी स्टेशन म्हणालो होतो यांना," तो म्हणाला.

*

आम्ही निघालो. धावलो असं म्हणता येणार नाही, कारण त्याचे गुडघे. पण काका जितक्या वेगानं चालू शकतो तितक्या वेगानं चाललो, आणि त्यात तो रस्ताभर म्हणत होता, "गेली. आता गेलीच. गायकमंडळात घातलं मी स्वतःला."

अंगणात पोचलो तेव्हा चर्चची घंटा सव्वापाच सांगत होती. पाच पस्तीसची गाडी आता फक्त उडत जाऊन मिळाली असती. योलांदाबाई विहिरीच्या दगडी कठड्यावर बसल्या होत्या, वही मांडीवर, पाय एकावर एक. समोरच्या दारावरच्या घंटीखाली काकाचं नाव होतं, आडनावासकट, पितळी अक्षरांत. त्या ते वाचत होत्या. बराच वेळ वाचत असाव्यात, कारण नाव काही मोठं नाही.

"हे स्टेशन?" त्यांनी विचारलं.

काकाला धाप लागली होती.

"तिसऱ्या वळणालाच होकायंत्र पाहिलं मी," बाई म्हणाल्या. "सरळसरळ पूर्व. स्टेशन पश्चिमेला. आंधळ्यालाही कळलं असतं."

"मग परत का नाही फिरलात?" मी विचारलं.

"म्हटलं बघू तरी, हा माणूस मला पाठवतोय कुठे." त्या काकाकडे वळल्या. "आता एकच विचारते. मुद्दाम पाठवलंत की चुकून?"

मी काकाच्या मागे उभा होतो. बाईंना दिसणार नाही अशा बेतानं मी त्याच्या पाठीत बोट खुपसलं. मुद्दाम म्हण. कुठल्याही माणसाला आयुष्यात अशी संधी एकदा मिळते. स्टेशनचा रस्ता विचारणाऱ्या बाईला चौदा वळणं घालून स्वतःच्या दारात आणणं, यापेक्षा सुंदर काही कुणी कुणाला म्हटलेलं नाही. फक्त मुद्दाम म्हण. मी आणखी एकदा बोट खुपसलं.

"झोर्झी, बोट काढ," काका म्हणाला. मग बाईंना म्हणाला, "चुकून."

कुणाच्या तरी खिडकीत वाळत घातलेली चादर हलली.

"मला डावं-उजवं कळत नाही," काका म्हणाला. "लहानपणापासून. शाळेत हाताला दोरा बांधायचे, तर कुठल्या हाताला बांधलाय ते विसरायचो. लष्करात होतो तेव्हा डावीकडे वळ म्हणाले, मी उजवीकडे वळलो. माझ्या मागे चाळीस जण होते. मी इतका खात्रीनं वळलो की तेही वळले. दोन तासांनी आम्ही एका द्राक्षमळ्यात होतो. मालकानं जेवू घातलं." तो थांबला. "सकाळी समोर पाणी आलं तेव्हाही मला माहीत नव्हतं कुठे आहोत. त्या मांजरापाशीही माहीत नव्हतं. या गावात सगळेच सरळ म्हणतात, त्यात माझं खपून जातं. दुसऱ्या गावात पकडला गेलो असतो. स्टेशनचा रस्ता तर मला सांगताच येणार नाही. आणि खरं सांगायचं तर तुम्ही गाडीनं जावं असं मला मनातून..."

"पुढचं नको," बाई म्हणाल्या. "चुकून एवढं पुरे."

त्यांनी वहीत एक ओळ लिहिली. मला वाचता आली नाही. मग पेन्सिल कानामागे खोचून त्या उठल्या.

"माझा नवरा, ओत्तोरीनो, अकरा वर्षांत एकदाही चुकला नाही," त्या म्हणाल्या. "बुधवारी सव्वासातला बाहेर, सव्वादहाला घरात. त्याच्यावर घड्याळ लावायचे मी. आता दार उघडा. पुढची गाडी सात वाजता आहे, तोवर बसायला कुठे मिळेल?"

काकाला किल्ली सापडेना. ती दुसऱ्या खिशात होती. कुठल्या, ते विचारण्यात अर्थ नव्हता.

आत गेल्यावर बाईंनी खोली पाहिली. भिंती, खिडकी, ओलाव्याची रेघ, काकाचं घड्याळ. मग त्या वाकल्या आणि कानामागची पेन्सिल जमिनीवर आडवी ठेवली. पेन्सिल क्षणभर विचार करत थांबली, मग हळूच निघाली, टेबलाखालून गेली, खुर्चीला वळसा घातला आणि पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकली. आम्ही तिघंही तिच्या मागे पाहत होतो.

"दीड अंश," बाई म्हणाल्या. "कालव्याच्या बाजूला. पलंग कुठे असतो?"

"भिंतीशी," काका म्हणाला.

"कुठल्या?"

काका गोंधळला. हा प्रश्न डावा-उजवा होता. त्यानं हातानं दाखवलं.

"म्हणजे खालच्या. इतकी वर्षं तुम्ही रात्रभर भिंतीकडे घरंगळताय. गुडघे यामुळेच गेलेत, चिखलानं काय होणार." बाईंनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. तो कोट दिवसभरात पहिल्यांदाच निघाला होता. "पाय खाली, डोकं वर, असा आडवा लावायला लागेल. पण नजरेनं नको. पुढच्या रविवारी येताना उतार मोजायला पाणसळ घेऊन येते."

त्या हात धुवायला आत गेल्या. काकानं मला बाही धरून जवळ ओढलं.

"झोर्झी," तो कुजबुजला, "हे हो आहे की नाही?"

"पलंगाचं बोलल्या त्या, काका."

त्यानं यावर नीट विचार केला. मग टाय काढला, बाह्या वर केल्या आणि पलंगाचं एक टोक उचलून धरून माझी वाट बघत उभा राहिला.